स्लूप म्हणजे नक्की किती डोलकाठ्या? शिडाच्या काळातल्या लहान युद्धनौकांचा घोळ

अर्धवट_खलाशी:

मंडळी, प्रश्न बाळबोध आहे पण डोकं फिरलंय म्हणून विचारतोय. मला शिडाच्या जहाजांची लाकडी मॉडेलं करायचा नाद आहे, गेल्या दोन वर्षांत तीन झाली, तिन्ही आत्ता समोर टेबलावर आहेत आणि तिन्हींच्या खोक्यावर लिहिलंय "स्लूप". आता बघा, पहिल्याला एक डोलकाठी, दुसऱ्याला दोन, आणि तिसऱ्याला चक्क तीन. डिक्शनरी काढली तर ती म्हणते स्लूप म्हणजे एका डोलकाठीची बोट, विषय संपला. मग उरलेल्या दोन खोक्यांवर काय थापा मारल्यात का?

त्यात भर म्हणजे चौथं आणलंय, ब्रिटिश फ्रिगेट, लेडा वर्गातलं, खोक्यावर मोठ्या अक्षरात ३८ तोफा. काल रात्री तोफा मोजून वेगळ्या ठेवायला बसलो तर निघाल्या ४८. दोनदा मोजल्या, मग बायकोला मोजायला लावल्या, तिच्याही ४८ आल्या आणि वर "दहा फुकट मिळाल्या तर तक्रार कसली करतोस" हेही ऐकून घेतलं.

तर ही नावं मोठ्याकडून लहानाकडे अशी ओळीनं लावता येतात का, म्हणजे फ्रिगेट, मग कॉर्व्हेट, मग स्लूप, ब्रिग, स्कूनर, कटर? मला मॉडेलांखाली पितळी पाट्या कोरून लावायच्यात, एकदा कोरलं की खोडता येत नाही म्हणून आधी विचारून घेतोय.

वारा_पडला:

थापा नाहीत, तिन्ही खोकी बरोबर असू शकतात. तुझा गोंधळ होतोय कारण "स्लूप" हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी फारसा संबंध नाही.

एक म्हणजे शिडांची मांडणी, जी किनाऱ्यावर उभं राहून डोळ्यांनी दिसते. ब्रिग म्हणजे दोन डोलकाठ्या आणि दोन्हींवर आडव्या वाशांना टांगलेली चौकोनी शिडं. स्कूनरलाही साधारण दोनच पण मुख्य शिडं जहाजाच्या लांबीच्या दिशेनं लावलेली, त्यामुळे वाऱ्याच्या तोंडावर जास्त चढतं. कटरला एकच डोलकाठी. आणि तीन डोलकाठ्या, तिन्हींवर चौकोनी शिडं असतील तरच "शिप", हो, तेव्हा शिप हा शब्दही इतका काटेकोर होता, आपण आता तरंगणाऱ्या कशालाही शिप म्हणतो तसं नव्हतं. या यादीत स्लूप म्हणजे एक डोलकाठी, तुझी डिक्शनरी इथलं सांगतेय.

दुसरी गोष्ट म्हणजे नौदलाच्या दप्तरातली नोंद, आणि ती जहाजाकडे बघून कळतच नाही. ब्रिटिश नौदलात जहाजांचे सहा दर्जे होते. सुरुवातीला हे माणसं किती लागतात त्यावर ठरायचं, मग १६७७ मध्ये सॅम्युअल पेपिसनं बसून कुठल्या दर्जाला किती माणसं आणि किती तोफा ते नीट बांधून दिलं. अठराव्या शतकाच्या शेवटाकडे चित्र साधारण असं की १०० आणि वर तोफा म्हणजे पहिला दर्जा, ९० ते ९८ दुसरा, ६४ ते ८० तिसरा (७४ तोफांची जहाजं यातली, लढाईच्या रांगेत सगळ्यात जास्त हीच), ५० ते ६० चौथा, ३२ ते ४४ पाचवा, २० ते २८ सहावा. फ्रिगेटं पाचव्या सहाव्यात येतात. त्याच्या खाली दर्जाच नाही. आणि या बिनदर्जाच्या गर्दीत जे जहाज कमांडर हुद्द्याच्या अधिकाऱ्याच्या ताब्यात, ते स्लूप. डोलकाठ्या दोन असोत की तीन, काही फरक पडत नाही, फार तर ब्रिग-स्लूप आणि शिप-स्लूप असं म्हणायचे.

म्हणजे दर्जा हा जहाजाचा कमी आणि माणसांचा जास्त होता. दर्जा असलेल्या जहाजावर पोस्ट कॅप्टनच (कमांडरच्या वरचा, पक्क्या हुद्द्याचा कॅप्टन) लागायचा, त्याचा पगार दर्जाप्रमाणे, किती अधिकारी, किती सुतार, किती तोफची सगळं त्याप्रमाणे. स्लूपवर कमांडर, त्याला लोक तोंडावर कॅप्टनच म्हणायचे पण १७९५ च्या नियमाप्रमाणे खांद्यावर झुबका एकच आणि तोही डाव्या खांद्यावर, नवा पोस्ट कॅप्टन झाला की एकच पण उजव्या खांद्यावर, तीन वर्षं झाली की दोन्हीकडे. म्हणजे दुरून दुर्बिणीतून खांदे बघून कळायचं की समोरचा कोण आहे. त्याहून लहान जहाजं, कटर स्कूनर वगैरे, लेफ्टनंटकडे. एकच जहाज कमांडर आला की स्लूप आणि पोस्ट कॅप्टन आला की सहाव्या दर्जाचं, असंही झालेलं आहे. लाकडाची एक फळीही न हलवता.

आणि हे नुसतं कागदी नाही बरं का. बाउंटी माहीतच असेल, ब्लायवर बंड झालं ते. तीन डोलकाठ्यांचं जहाज, मांडणीनं पूर्ण शिप, पण जेमतेम २१५ टन म्हणून दप्तरात नोंद झाली कटर. कटर म्हटल्यावर ब्लाय लेफ्टनंटच राहिला, त्याच्या हाताखाली दुसरा एकही कमिशनवाला अधिकारी नाही, आणि एकही मरीन शिपाई नाही. २८ एप्रिल १७८९ ला पहाटे त्याला झोपेतून उठवून हात बांधले तेव्हा दाराशी बंदूक घेऊन उभं राहायला कोणी नव्हतं. बंडाची कारणं बाकीही आहेत पण मला कायम वाटतं की त्या एका शब्दाच्या नोंदीनं अर्धं काम आधीच करून ठेवलं होतं.

अर्धवट_खलाशी:

बापरे, म्हणजे तीन डोलकाठ्यांचं कटर! हे वाचून मी सुधारण्याऐवजी अजून बिघडलो. पण शिडं वेगळी आणि नोंद वेगळी हे डोक्यात बसलं. आता त्या जास्तीच्या दहा तोफांचं कोणीतरी सांगा.

कोपऱ्यातली_तोफ:

तोफांचं मी घेतो, नाव सार्थ करू दे.

तुझ्या त्या ४८ मधल्या दहा बुटक्या आणि जाड दिसत असतील बघ, बाकीच्यांपेक्षा निम्म्या लांबीच्या. त्या कॅरोनेड. स्कॉटलंडमधल्या कॅरन कंपनीनं १७७८-७९ च्या सुमारास काढल्या म्हणून ते नाव. कमी दारू, आखूड नळी, पातळ धातू, पण गोळा मोठा. लांब ३२ पौंडी (म्हणजे ३२ पौंडांचा गोळा टाकणारी) तोफ पावणेतीन टनाच्या आसपास जायची आणि ३२ पौंडीच कॅरोनेड एका टनाच्याही आत. लहान जहाजांना तर लॉटरीच लागली, ज्या डेकवर ६ पौंडी ठेवायची मारामार तिथे ३२ पौंडी गोळा टाकता यायला लागला.

पण दप्तरवाल्यांनी काय केलं, कॅरोनेड मोजायच्याच नाहीत असं ठरवलं. दर्जा लांब तोफांवरच. त्यामुळे तुझं ३८ चं फ्रिगेट म्हणजे ३८ लांब अधिक १० कॅरोनेड, बायकोची मोजणी बरोबर आहे. १८१७ मध्ये ब्रिटिशांनी नियम बदलला आणि सगळ्याच तोफा मोजायला लागले, तोपर्यंत प्रत्येक जहाजाचा आकडा म्हणजे लग्नाच्या बायोडेटातलं वय होतं. गंमत म्हणजे जिथे कॅरोनेड हीच मुख्य तोफ होती तिथे मात्र ती मोजायचे. क्रूझर वर्गातले ब्रिग-स्लूप घे, शंभरच्या वर बांधले त्यांनी, १८ तोफा, त्यातल्या १६ कॅरोनेड ३२ पौंडी आणि फक्त दोन लांब ६ पौंडी. तुझ्या दोन डोलकाठ्यांच्या खोक्यावर १८ लिहिलं असेल तर बहुतेक हेच असणार.

म्हणून माझं मत असं की तोफांची संख्या वाचूच नये, गोळ्यांचं वजन काढावं. एका बाजूच्या सगळ्या तोफा एकदम उडवल्या तर किती पौंड लोखंड जातं ते, यालाच ब्रॉडसाइड म्हणतात. ट्रफाल्गरच्या (१८०५ ची मोठी आरमारी लढाई) वेळची नेल्सनची व्हिक्टरी १०४ तोफांची, एका बाजूनं ११४८ पौंड. क्रूझर वर्ग, आठ कॅरोनेड आणि एक ६ पौंडी, २६२ पौंड. आणि ब्रिटिश कमांडर लॉर्ड कॉक्रनची स्पीडी, १४ तोफांचा ब्रिग, कागदावर १८ च्या शेजारचीच वाटते, पण तोफा सगळ्या ४ पौंडी, म्हणजे सात गुणिले चार, २८ पौंड फक्त! ती सगळी ब्रॉडसाइड खिशात घालून डेकवर फिरता येतं असं तो स्वतःच म्हणायचा.

याच स्पीडीनं ६ मे १८०१ ला बार्सिलोनाजवळ एल गामो हे ३२ तोफांचं स्पॅनिश जहाज पकडलं, इकडे ५४ माणसं आणि तिकडे ३१९. आधी अमेरिकन झेंडा लावून जवळ गेला, मग इतका खेटून उभा राहिला की गामोच्या तोफा उंचावर असल्यानं खाली वाकेनात आणि गोळे डोक्यावरून जायला लागले, शेवटी सुकाणूवर एकट्या डॉक्टरला उभं करून बाकी सगळे पलीकडे चढले. यथावकाश तो पोस्ट कॅप्टन झाला. म्हणजे बढती मिळाली की स्लूपची जागा गेलीच समज, मोठं जहाज मिळेपर्यंत घरी बस.

कॅरोनेडची दुसरी बाजूही सांगतो नाहीतर तू सगळीकडे त्याच लावशील. पल्ला तोकडा. अमेरिकन फ्रिगेट एसेक्सवर ४० कॅरोनेड आणि लांब तोफा फक्त सहा. २८ मार्च १८१४ ला चिलीतल्या वालपराइसोजवळ ब्रिटिश फीबी तिच्या पल्ल्याबाहेर थांबून लांब १८ पौंडींनी तिला ठोकत राहिली. सोबत चेरब नावाचा स्लूप होता. एसेक्स जवळ जाऊ शकली नाही आणि संपली.

जुनाट_शंख:

सगळं ठीक पण कॉर्व्हेटचं सरळ आहे की, फ्रिगेटपेक्षा लहान ती कॉर्व्हेट, आजही नौदलात तसंच आहे. उगाच सोप्याचं अवघड कशाला करताय.

वारा_पडला:

आजचं तेव्हा लावू नकोस ना शंखराव. आजची कॉर्व्हेट आणि फ्रिगेट ही नावं दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांच्या मागे लागणाऱ्या जहाजांसाठी परत बाहेर काढली, मधल्या काळात ती अडगळीत गेली होती. शिडाच्या काळात कॉर्व्हेट हा मुळात फ्रेंच नौदलाचा शब्द, साधारण २० तोफांचं जहाज. ब्रिटिशांनी १७९६ मध्ये बॉन सितोयेन नावाची फ्रेंच कॉर्व्हेट पकडली आणि आपल्याकडे तिची नोंद केली स्लूप म्हणून. इतकी आवडली की तिच्या आकारावरून पुढे स्वतःची जहाजं बांधली. म्हणजे कॉर्व्हेट आणि स्लूप यात मोठं कोण हा प्रश्नच नाही, एकाच जहाजाची दोन गावातली दोन नावं.

आणि फ्रिगेटचं कॉर्व्हेट व्हायला लहान व्हावं लागतं असंही नाही. ट्रिंकोमाली बघ, लेडा वर्गातलीच, म्हणजे आपल्या धागाकर्त्याच्या चौथ्या खोक्याची सख्खी बहीण. मुंबईच्या वाडियांनी सागवानात बांधली, १८१७ मध्ये पाण्यात सोडली, आज हार्टलपूलला जपून ठेवलीय. १८४५ च्या सुमारास तिच्यावरच्या तोफा कमी करून मोठ्या बसवल्या आणि नोंद बदलून सहाव्या दर्जाची कॉर्व्हेट केली. लांबीरुंदी तीच, सागवान तेच, उलट मारा वाढला. आकारावरून ओळ लावणारे इथे तोंडावर पडतात.

जुनाट_शंख:

बरं बाबा. पडलो.

कोपऱ्यातली_तोफ:

हाहा. पण शंखरावांची बाजू थोडी घेतो, फ्रिगेटला मात्र खरंच बांधणीची व्याख्या होती. मुख्य तोफा एकाच सलग डेकवर, आणि त्याच्या खालच्या डेकवर तोफाच नाहीत, तिथे माणसं झोपतात. त्यामुळे तोफांची भोकं पाण्यापासून उंच राहतात. दोन मजली जहाजाची खालची भोकं खवळलेल्या समुद्रात बंद ठेवावी लागायची, तेव्हा फ्रिगेट मात्र मजेत लढायचं. ही बांधणी फ्रेंचांनी १७४० च्या आसपास रुळवली, मेदे नावाच्या जहाजापासून धरतात. म्हणजे फ्रिगेट हा शब्द तरी थोडाफार जहाजाबद्दल बोलतो, स्लूप फक्त साहेबाबद्दल.

काठावरचा_बगळा:

नुसता वाचायला आलो होतो पण आता राहवत नाही. स्लूपला किती डोलकाठ्या या प्रश्नाचं एक उत्तर शून्य असंही आहे. खडक!

मार्टिनिक बेटाच्या दक्षिणेला डायमंड रॉक म्हणून समुद्रातून सरळ वर आलेला सुळका आहे. १८०४ मध्ये कमोडोर सॅम्युअल हूडनं त्यावर माणसं चढवली, दोरखंड लावून जड तोफा कड्यावरून ओढून नेल्या, काही पायथ्याशी आणि काही अगदी माथ्यावर, की फोर-द-फ्रान्सला जाणारी फ्रेंच जहाजं टप्प्यात यावीत. आता तिथे माणसं ठेवायची म्हणजे कोणाच्या तरी हुद्द्याखाली, पगारपत्रक पाहिजे, शिधा पाहिजे, दारूगोळ्याचा हिशोब पाहिजे, आणि नौदलाला हे सगळं द्यायची एकच पद्धत माहीत, जहाजावर. मग खडकालाच जहाज म्हणून दप्तरात घातलं, एचएमएस डायमंड रॉक, स्लूप. लेफ्टनंट जेम्स मॉरिसला कमांडर केलं. सुमारे १७ महिने धरून ठेवला त्यांनी तो खडक, जून १८०५ मध्ये ट्रफाल्गरच्या आधी वेस्ट इंडीजला आलेल्या फ्रेंच-स्पॅनिश आरमारापुढे सोडावा लागला. शेवटी पाणी आणि दारूगोळा संपत आला होता.

वारा_पडलाची थिअरी इतकी चोख दुसरीकडे कुठे दिसत नाही, कमांडर बसवला की स्लूप, खाली पाणी असो की दगड.

भरतीओहोटी:

खडकाला सलाम. एक वेगळाच मुद्दा, वर सगळी उठाठेव ब्रिटिश दप्तराची चाललीय, पण ज्यांना हे सहा दर्जे लागू नव्हते तेही जहाजांची वर्गवारी करतच होते, फक्त निकष वेगळा. मराठा आरमारात गुराब आणि गलबत. गुराबेला बहुतेक दोन डोलकाठ्या, थोड्या तीनवाल्या, मोठी असली तर ३०० टनांपर्यंत, आणि पुढची बाजू निमुळती, त्यात तोंडावर दोन मोठ्या तोफा सरळ पुढे मारणाऱ्या. म्हणजे पाठलाग करत असतानाच मारा, ब्रॉडसाइडसाठी आडवं वळायची गरज नाही. गलबत त्याहून लहान, फार तर ७० टन, हलक्या तोफा, पण ४०-५० वल्ही. वारा पडला (धाग्यातला नव्हे, खरा) की मोठं युरोपियन जहाज जागच्या जागी डुलत बसायचं आणि गलबतं वल्ही मारत गुराबांना ओढून त्याच्या पिछाडीला आणून ठेवायची, जिथे त्याच्या तोफा पोचत नाहीत.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात हे सरळ सांगितलंय, गुराबा फार मोठ्या नकोत फार लहान नकोत, आणि वाऱ्याशिवाय जी कामाची नाहीत अशी थोर जहाजं करायचं कारण नाही. त्या मोठ्या जहाजांमध्ये तिथे "फरगात" हा शब्द येतो, म्हणजे आपलं फ्रिगेटच. पाच गुराबा आणि पंधरा गलबतं मिळून एक सुभा. इथे तोफा किती आणि साहेब कोण यापेक्षा वाऱ्याशिवाय चालतं की नाही हा पहिला प्रश्न.

वारा_पडला:

भारी मुद्दा, आणि माझ्या आयडीची टिंगल मान्य.

शून्यापर्यंत गेलोच आहोत तर डोलकाठी वाढवल्याचंही सांगून टाकतो. डार्विनचं बीगल. चेरोकी वर्गातला १० तोफांचा ब्रिग, १८२० मध्ये पाण्यात उतरला, या वर्गातली इतकी जहाजं बुडाली की खलाशी त्यांना शवपेटी-ब्रिग म्हणायचे. १८२५ मध्ये सर्वेक्षणाच्या कामासाठी मागे एक तिसरी डोलकाठी बसवली आणि ब्रिगचं बार्क झालं. इथे मात्र बदल खरोखर लाकडात झाला, त्यामुळे नाव बदललं ते मांडणीचं. कुठलंही नाव वाचलं की आधी हे बघायचं, सुतारानं दिलंय की कारकुनानं.

अर्धवट_खलाशी:

सगळ्यांचे आभार, विशेषतः खडकवाल्याचे, पाचवं मॉडेल ठरलं, नदीतून एक दगड आणायचा आणि खाली पाटी लावायची.

पाट्यांचं असं ठरवतोय: तीन डोलकाठ्यांच्या खाली शिप-स्लूप, दोनच्या खाली ब्रिग-स्लूप क्रूझर वर्ग (खोक्यावर १८ च आहे, आत्ता उठून बघून आलो), फ्रिगेटच्या खाली ३८ च लिहीन आणि बायकोला १८१७ चा नियम समजावीन. राहिलं एका डोलकाठीचं. ते नौदलाचं आहे असं खोक्यावर लिहिलंय, पण मग ते स्लूप की कटर? दोन्हींना एकच डोलकाठी म्हणालात ना.

वारा_पडला:

पुढच्या टोकावरून समुद्रावर झेपावणारी जी काठी असते ना, बोस्प्रिट, ती बघ. कटरची बोस्प्रिट लांबलचक, जवळपास आडवी आणि सरकती असते, वारा वाढला की आत ओढून घेतात. स्लूपची जागेवर पक्की बसवलेली असते. हलवून बघ, सरकली तर कटर.

अर्धवट_खलाशी:

सरकत नाही. पण ती मीच गोंद लावून चिकटवलीय.